झेंड्यापुरतं उघडणारं गेट

मी दीडशहाणा हाय, हे घरच्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला सोताला कळायला बेचाळीस वर्षं लागली.

माझं काम सांगतो. मोबाइलमधी रस्ता दाखवणारं ॲप असतंय ना, त्यात जालना जिल्ह्यातल्या शाळा बसवायचं काम मी करून राह्यलो. नकाशात प्रत्येक शाळेच्या गेटावर एक खूण टाकायची. खुणेच्या दोन्ही बाजूला शंभर-शंभर मीटर हद्द धरायची. त्या हद्दीत कुणी तीसच्या वर गाडी नेली, की मोबाइल बोलतो, "पुढे शाळा आहे, वेग कमी करा." बस, एवढंच. पण जालन्यात आमच्या मस्तगडला टपरीवर कुणी विचारलं की मी सांगायचो, "लेकरांचे जीव वाचवून राह्यलो." टपरीवाला मला बसायला स्टूल द्यायला लागला होता.

माझी थोरली बहीण दैवशाला, म्हणजे आमची आक्का, मंठा रोडवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण हाय. शाळा बिलकुल रोडला खेटून. दिवाळीच्या आधी तिथं एका टेम्पोनं तिसरीतल्या राजनंदिनीला उडवलं. पोरगी वाचली, पाय मोडला. तवापासून शाळा भरताना अन् सुटताना आक्का सोता रोडवर हात पसरून उभी राहती. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतेत, तरी.

तिनं मला फोन केल्ता. "भागवत, बाकीच्या शाळांचं मागं-पुढं झालं तरी चालंल, माझ्या शाळेचं बराबर कर. अन् शाळा भरायच्या टायमाला ये. लेकरं कुठून येतेत ते बघ."

"आक्का, माझं काम मला नको शिकवू," मी म्हणलो. "तुमचा खडू-फळ्याचा जमाना गेला."

शाळा भरायच्या टायमाला जायचं म्हणजे सकाळी आठला निघायचं, अन् मला नऊशिवाय अंघोळ सुचत न्हाई. म्हणून मी रविवारी दुपारी गेल्तो. शाळेला ही भली मोठी कमान. कमानीवर कुणाच्या तरी वडिलांचं नाव सोनेरी अक्षरात. खाली लोखंडी गेट, गेटाला गंजलेलं कुलूप. रविवारी कुलूप असणारच, म्हणलं. ते गंजलेलं का, हे विचारायला डोकं लागतं. मी टेप लावून मोजलं, गेटाचे चार फोटो काढले, पाचवा माझा सोताचा काढला, अन् खूण ठोकून घरी आलो.

आक्काला फोन लावला. "काम फत्ते. जागेवर जाऊन केलं."

"लेकरं बघितली का?"

"बघितली की."

"देवासारखा धावलास रे," ती म्हणली. मी ते बी गपचूप ठेवून घेतलं.

महिन्यानं संभाजीनगरच्या हापिसातून केशव सर काम तपासायला आले. त्यांना काम पटलं, तर परभणी जिल्हा बी मलाच मिळणार होता. त्यांनी विचारलं, "एखादी शाळा दाखवता का?" मी म्हणलो, "बहिणीचीच दाखवतो." उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मंगळवारी सकाळी सरांना शेजारी बसवलं, मोबाइल समोर लावला अन् मंठा रोडनं निघालो. रस्ताभर मी माझं कौतुक करत होतो. सर सभ्य माणूस, ऐकत होते.

दहाला दहा कमी असताना गाव आलं.

"सर, आता ऐका," म्हणलो, अन् गाडी सत्तरवर नेली. हळू गेलं तर मोबाइल बोलणार कसा? इथं वाचणाऱ्यानं मला दोन शिव्या हासडाव्या, माझी हरकत न्हाई. शाळेसमोर, शाळा भरायच्या टायमाला, लेकरांची काळजी कशी घेतो हे दाखवायला मी गाडी पळवून राह्यल्तो. अन् नजर रोडवर न्हाई, मोबाइलवर.

मोबाइल गप.

"आता बोलल, सर."

सर म्हणाले, "भागवत, समोर."

समोर आक्का होती. दोन्ही हात पसरून. तिच्या मागं वीस-पंचवीस लेकरं रोड वलांडत होती.

ब्रेक कसा मारला ते मला सांगता येणार न्हाई. गाडी घसरत गेली अन् आक्काच्या साडीपासून हातभर अलीकडं थांबली. कुणाची तरी पाण्याची बाटली चाकाखाली चपटी झाली, तिचा आवाज आला. लेकरं जागच्या जागी उभी. आक्कानं हात खाली घेतले न्हाईत.

कमान अजून दोनशे पावलं पुढं होती. इथं शाळेच्या कंपाउंडची भिंत पडलेली होती, अन् त्या खिंडारातनं पायवाट थेट मैदानात गेल्ती. पायवाट कशी, तर चांगली घासून गुळगुळीत. वर्षानुवर्षांची.

एक पोरगी लंगडत माझ्या खिडकीशी आली. हीच राजनंदिनी असणार. "काका, गेट पुढं हाय," ती म्हणली. "पण ते बंद असतंय. झेंड्याच्या दिवशीच उघडतेत, पाव्हणे आल्यावर. आम्ही इथून जातो."

पोरीला वाटलं, मी गेट धुंडत होतो म्हणून माझं ध्यान नव्हतं. माझ्या चुकीचं इतकं चांगलं कारण मला सोताला बी सुचलं नसतं.

तवा मला आमची गावाकडची शाळा आठवली. तिला बी असंच गेट होतं. पंधरा ऑगस्टला अन् सव्वीस जानेवारीला उघडायचं, एरवी त्याला शेळ्या बांधायचे. मी सात वर्षं कुंपणातल्या भोकातनं शाळेत गेलो, गुडघे फोडून घेतले, अन् मलाच हे ठाऊक नसावं? एकशे ऐंशी शाळांच्या खुणा मी गेटावर ठोकल्या होत्या. एकशे ऐंशी. मला लई लाज वाटली. खोटं कशाला सांगू, लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

आक्का आली. वाटलं, आता थोबाडीत देती. दिली असती तर बरं झालं असतं. ती लेकरांकडं वळली.

"पोरांनो, हा माझा सख्खा भाऊ. आपल्या शाळेचा नकाशा ह्यानंच केला. नमस्ते करा."

पंचवीस गळ्यांनी रोडच्या मधोमध हेल काढून म्हणलं, "नमस्ते सर."

"अन् ध्यानात ठेवा," आक्का म्हणली, पाढे शिकवती त्या आवाजात. "रोड वलांडताना मोबाइलवर भरवसा ठेवायचा न्हाई. माझ्या भावावर बी न्हाई."

लेकरांनी माना डोलावल्या. केशव सर खाली उतरले अन् मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभे राह्यले.

मी मोबाइल घेऊन आक्काजवळ गेलो. "आक्का, खूण इथं लावतो. बाकीच्या शाळा बी परत फिरतो, भरायच्या टायमाला. मी लेकरं बघितली न्हाई. तुला खोटं बोललो."

"मला माहीत होतं," ती म्हणली. "लहानपणी बी खोटं बोलताना तू 'की' लावायचास."

अन् तिनं माझा खांदा गच्च धरला. आधी वाटलं, रागानं. मंग कळलं, तिचे पाय लटलट कापून राह्यल्ते अन् धरायला दुसरं काही नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ ही बाई अशीच कापत उभी राहत असंल, अन् मी टपरीवर स्टुलावर बसून लेकरांचे जीव वाचवत होतो.

शाळेत घंटा झाली.

"सगळी गेली का बघ," आक्का म्हणली. "मोजून बघ."

मी मोजली. मंग तिचा हात धरून तिला भिंतीच्या खिंडारातनं आत नेलं.