श्वासागणिक लाट

अंगावर धातूचा कणही चालणार नव्हता, म्हणून आईने भिंगरीला तीनदा झाडून तपासलं होतं. केसांतल्या चिमट्या, फ्रॉकची बटणं, खिशातला चॉकलेटचा चंदेरी कागदसुद्धा. चार वर्षांच्या त्या पोरीला आठवड्यातून पाच-सहा झटके यायचे. ते मेंदूत नेमके कुठून सुटतात हे सापडलं तरच ऑपरेशन, नाहीतर गोळ्या पाचवीला पुजलेल्या. आधीच्या दोन तपासण्यांनी हात टेकले होते.

तिजोरीसारख्या जाड दाराच्या खोलीत भिंगरी झोपली होती, डोकं भल्यामोठ्या पांढऱ्या टोपात. त्या टोपाच्या आत शेकडो संवेदक उणे दोनशे एकोणसत्तर अंशांच्या हेलियममध्ये बुडालेले.

"मेंदूचं चुंबकत्व पृथ्वीपेक्षा कोट्यवधी पटींनी दुबळं," यंत्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. "पण याचे कान फार तिखट!"

"आमच्या सासूबाईंसारखे," आई बोलून गेली, आणि दोघी हसल्या होत्या.

आता आई लेकीचा तळपाय धरून बसली होती. भिंतीतल्या स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. "मोठी लाट येतेय. एकसारखी."

आईने लेकीकडे पाहिलं. "झटका आहे का हो?"

"थांबा." मग थोड्या वेळाने, "ताई, जरा श्वास रोखून धरा बरं."

आईने धरला.

"गेली. सोडा आता... आली! अहो, लेक शांत आहे. लाट तुमची आहे. अंगावर धातू काय आहे?"

"काही नाही! बांगड्या, कानातलं, सगळं बाहेर काढून ठेवलंय."

"आणि आत, पाठीला?"

आईचा हात पाठीकडे गेला. आतल्या कपड्याचे दोन हूक, श्वासागणिक हलणारे. लेकीला तीनदा तपासलं आणि स्वतःला एकदाही नाही! यंत्र पोरीच्या डोक्यातली कुजबुज ऐकायला बसलेलं, आणि ही शेजारी ढोल बडवत होती.

"कसं ओळखलंत?" गाऊन घालून परतताना तिने विचारलं.

"वीस वर्षं लाटाच बघतेय. चालीवरून कळतं कुणाची कुठली."

आई पुन्हा आत जाऊन तासभर बसली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं. उजव्या कानामागे झटक्यांच्या उगमाचे ठिपके जमले होते, साखरेच्या कणाला मुंग्या लागाव्यात तसे.

"एवढीच जागा?"

"एवढीच. बोलण्याच्या भागापासून लांब. काढता येईल."

ऑपरेशनच्या नुसत्या नावाने महिनाभर झोप उडालेली आई खुर्चीत पुढे सरकली.

"कधी?" तिने विचारलं.