चौथं गाणं, खालचा आवाज

विषय : चौथ्या गाण्यातील दुसऱ्या आवाजाच्या धनिणीचे नाव पुस्तिकेत छापण्याबाबत.
संदर्भ : मी स्वतः.

मी ‘उत्तरेची खिडकी’ बोलतोय. कोरियातल्या सोलच्या दाल्ले या गायिकेचा तिसरा अल्बम. पहिल्या आठवड्यात माझ्या पावणेचार लाख प्रती खपल्या, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. मी त्यांतली एक प्रत. सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, पण हकीकत बहुतेकांची सारखीच.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. जाड पुठ्ठ्याची पेटी, शहाण्णव पानांची पुस्तिका, घडी घातलेलं भित्तिचित्र, चिकटवायची चित्रं, दाल्लेच्या फोटोचं एक छोटं कार्ड, आणि सगळ्यात तळाशी गाण्यांची तबकडी. लग्नाच्या पत्रिकेत मुलीचं नाव शोधावं लागतं, तशी माझ्यात गाणी शोधावी लागतात.

मला नाम गायून नावाच्या मुलीने विकत घेतलं. एकट्याला नव्हे, चौसष्ट जणांना एकदम. प्रत्येक प्रतीमागे सोडतीत एक चिठ्ठी पडत होती, आणि सोडत लागली तर दाल्लेसमोर दीड मिनिट बसायला मिळणार होतं. दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून गायून आणि तिची मैत्रीण आम्हाला शेंगांसारख्या सोलू लागल्या.

“काय निघालं?”

“परत पिवळा स्वेटर! सातवं कार्ड हे.”

“मग मला दे ना एक.”

“फुकट? बदल्यात टोपीवालं आण, मग बघू.”

“आणि या तबकड्यांचं काय करणार आहेस?”

“ऐकू कशावर? आमच्याकडे असलं यंत्र आजोबांबरोबरच गेलं. गाणी आहेत की फोनवर.”

गायूनला सोडत लागली. दीड मिनिटात दाल्लेने तिला “जेवलीस का?” असं विचारलं. गायून आठवडाभर रडत होती, आनंदाने. सही घेतलेली एक प्रत ठेवून उरलेल्या त्रेसष्ट जणांना तिने मांगवन भागातल्या एका गल्लीत खोक्यांत घालून ठेवलं. वर चिठ्ठी होती : “फुकट. प्रेमाने घेऊन जा.”

प्रेमाने पहिली आली ती रद्दी गोळा करणारी म्हातारी.

“छ्या! पुठ्ठ्यात प्लास्टिक, प्लास्टिकात तबकडी. यांना सोलत बसू की गाडा भरू?”

समोरच्या लाँड्रीचे मालक, प्यो ग्वांगसिक, तोंडात टाचण्या धरून बाहेर आले. “आजी, थांबा. दाल्लेची आहेत का ती?”

“असतील. तुमची मिरान गाते तेच ना हे? दोन महिने झाले, गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक झालंय, मालक.”

ते खरं होतं. मिरान ही ग्वांगसिकांची मुलगी. नऊ वर्षं ती एकच काम करत आली होती. मोठ्या गायिकेने गाण्याआधी तेच गाणं कोणीतरी अथपासून इतिपर्यंत गाऊन दाखवतं, त्यावरून मोठी गायिका शिकते आणि मग तो पहिला आवाज पुसून टाकतात. हा पुसला जाणारा आवाज देण्याचं काम मिरानचं. माझ्या चौथ्या गाण्यात मात्र तो पुसला गेला नाही. ध्रुवपदाखाली दुसरा आवाज म्हणून तसाच ठेवला. “नाव छापू,” असं कंपनीच्या माणसाने तिला सांगितलं. तिने ते सुगीच्या छुसक सणाला, नाशपाती सोलता सोलता, वडिलांना सांगितलं. आणि वडिलांनी गल्लीला.

ग्वांगसिकांनी मला काउंटरवर ठेवलं, चष्मा लावला आणि पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं. शिवणकामाच्या टाक्यांवरून फिरवावं तसं नावांवरून बोट फिरवू लागले. ढोल वाजवणारा होता, नखं रंगवणारी होती, फोटोवाल्याचा मदतनीस होता, जेवणाचे डबे पुरवणारा होता.

“हा मोंगी कोण?”

मिरान मागे इस्त्री करत होती. तीन महिने झाले, तिला गायला कोणी बोलावलं नव्हतं. “दाल्लेचा कुत्रा.”

“कुत्र्याचं नाव छापलंय?”

“बाबा, जाऊ द्या ना.”

“तू पाहिलं होतंस हे?”

“अल्बम आला त्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं गल्लीभर सांगून झालं होतं.”

ग्वांगसिकांनी माळ्यावरून जुना रेडिओ काढला. मिरान शाळेत असताना इंग्रजीच्या परीक्षेसाठी घेतलेला, तबकडी वाजवणारा. त्यात त्यांनी मला घातलं. पावणेचार लाखांतला एक म्हणून खपूनही मी जन्मात पहिल्यांदाच फिरत होतो. चौथं गाणं लागलं.

“थांब! इथे,” ते म्हणाले. “ओळ उचलायच्या आधी श्वास किंचित अडखळतो. तिसरीत डांग्या खोकला झाला होता तुला, तेव्हापासूनची खोड. कुत्रा असा श्वास घेतो का?”

मिरान इस्त्री हातात धरून उभी राहिली. हान साहेब नावाच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर त्या दिवशीचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ग्वांगसिकांनी कलावंतांच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या एका संस्थेत अर्ज दिला, पुरावा म्हणून मला जोडलं. आठ दिवसांत अर्ज आणि मी, दोघेही परत आलो. त्रुटी दोन. एक, प्रतीत फोटोचं कार्ड नाही, सबब प्रत अपूर्ण. दोन, आवाज जिचा, सहीचा शिक्का तिचा हवा. वडिलांचा चालणार नाही.

“मी शिक्का मारणार नाही,” मिरान म्हणाली. “भांडखोर म्हणून नाव झालं की कोण बोलावणार मला?”

“आत्ता कोण बोलावतंय?”

यावर तिने इस्त्रीची वाफ सोडली.

कार्डासाठी ग्वांगसिकांनी दाराला कागद लावला : “दाल्लेच्या फोटोचे कार्ड पाहिजे. मोबदल्यात पँट फुकट आखूड करू.” चौथ्या दिवशी एक मुलगी स्कर्ट घेऊन आली. मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं नाही.

“काका, या वयात कार्डं जमवता?” गायूनने विचारलं.

“मुलीच्या नावासाठी हवंय, बाळ. चौथ्या गाण्यात खालचा आवाज तिचा आहे.”

“काहीतरीच! तो दाल्लेचाच आहे.”

“नाही.”

“आम्ही सगळ्या तोच गुणगुणतो,” गायून म्हणाली. “वरचा खूप उंच जातो, आम्हाला जमत नाही. खालचा जमतो.” मग तिने वहीतून कार्ड काढलं. “घ्या. पिवळ्या स्वेटरची सात आहेत माझ्याकडे.”

पडद्यामागे वाफेचा आवाज थांबला होता.

ती गेल्यावर मिरान बाहेर आली. वडिलांनी भरलेला अर्ज तिने वाचला. ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी ‘लाँड्रीत मदत’ असं लिहिलं होतं. तिने ते खोडलं, वर ‘गायिका’ लिहिलं. मग खणातून शिक्का काढला, लाल शाईवर दाबला आणि खोडल्याच्या जागीही एक छोटा ठसा उमटवला. खाडाखोड केली की शिक्का लागतो, हे तिला माहीत होतं.

सध्या मी त्या संस्थेच्या कपाटात ‘परिशिष्ट तीन’ म्हणून आहे, कार्डासह. ध्वनिमुद्रणाची नोंदवही संस्थेने कंपनीकडे मागितली. पुस्तिकेत नाव नसलेल्या व्यक्तीसंबंधी नोंदी देता येत नाहीत, असं कंपनीने कळवलं. नाव का नाही, हाच प्रश्न असल्याचं संस्थेने उलट कळवलं. कार्यालयात मला वाजवण्याचं यंत्र नाही, तसा शेरा फाइलवर आहे. ग्वांगसिक दर मंगळवारी येतात. गेल्या मंगळवारी ते रेडिओ घेऊन आले होते. तो दारावर ठेवून घेतला.

वाचकांपैकी कोणाकडे मी असेन, तर चौथं गाणं एकदा लावावं आणि खालचा आवाज ऐकावा, एवढी विनंती.

अर्ज प्रलंबित आहे.