ताईच्या परसातला ओंडका

रोपवाटिकेत काम करणारी धाकटी बहीण दरवर्षी रानात पडलेल्या ओंडक्यांवरची अळंबी शोधून आणायची. पारख तिची चोख. टोपीखालच्या पापुद्र्यांच्या रेषा देठावर उतरल्यात का पाहायची, वास घ्यायची, एक टोपी काळ्या कागदावर पालथी ठेवायची. कागदावर बीजाणूंची पांढरी भुकटी पडल्याशिवाय तुकडाही तोंडात टाकायची नाही. मग त्यातली निवडक अळंबी कागदी पिशवीत बांधून ताईकडे धाडायची. ताईचा फोन ठरलेला, "अगं, काय चव! बोटं चाटत बसलो सगळे."

अकरा वर्षं हेच चाललं होतं. यंदा ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून धाकटी तिच्याकडे राहायला गेली. केराची बादली घेऊन परसात आली, तर कुजक्या ओंडक्यावर अळंबीचे घोसच्या घोस! ती हरखून वाकली. तेच पापुद्रे, तोच वास. ओंडक्याच्या आडोशाला कागदी पिशव्यांचा लगदा झाला होता. वरच्या पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती, आणि तिच्यावर धाकटीच्याच अक्षरात होतं: ताईसाठी, खात्रीची.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात खिडकीतून ताई ओरडली, "अगं, हात नको लावूस त्याला! विषारी असेल. कुठून उगवतंय मेलं, देव जाणे!"

धाकटीनं सगळ्यात मोठा घोस खुडला आणि पदरात घेतला.

"विषारी नाही गं, ताई. अकरा वर्षं बोटं चाटत खातेयस ना? आज माझ्यासमोर खा."