आधीच कापलेलं टोक

थेंब पडला, तरी पडदा काळाच राहिला.

लुपे ताउफा सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघत होती. थ्रॉम्बिन, रक्त गोठवणारं एन्झाइम, पडलं की पेशी हिरव्या उजळायला हव्यात. महिन्यात तिसऱ्यांदा त्या गप्प होत्या. चार वाजता प्रयोगशाळेचा प्रमुख गॅरिक येणार, आणि उजेड दिसला नाही तर हा विषय बंद, असं तो सोमवारीच बोलून गेला होता. दोन वर्षांचं काम, आणि त्या पेशींची एकच बाटली उरलेली.

त्या पेशींच्या अंगावरच्या रिसेप्टरची, बाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या कुलपाची, तऱ्हाच न्यारी. त्याला बाहेरून किल्ली लागत नाही. किल्ली त्याच्याच गळ्यात बांधलेली, वर टोपडं घातलेलं. थ्रॉम्बिन टोपडं कापतं, उघडं पडलेलं टोक वळून आपल्याच कुशीत शिरतं, आणि पेशी जागी होते. एकदाच. कापलेलं पुन्हा शिवता येत नाही.

"मेलेल्या पेशींचं सुतक धरलंयस का?" दारातून डेस्माचा आवाज आला. या ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेलेली.

"जिवंत आहेत गं. बोलत नाहीत फक्त."

"काचेवरच वाढवल्यास ना?"

"नाही, या महिन्यात वेळ कुठे होता. बाटलीतून सोडवल्या, जाग आली की उजळणारा रंग भरला, लगेच तपासल्या."

"सोडवल्यास कशानं?"

"ट्रिप्सिननं. नेहमीसारखं."

डेस्मानं दोन बोटांची कात्री करून दाखवली. लुपेला कळलं. ट्रिप्सिन म्हणजे कात्रीच. पेशी बाटलीच्या तळापासून सोडवता सोडवता तिनं सगळी टोपडी कापून टाकली होती. एरवी काचेवर वाढताना नवे रिसेप्टर येत, या महिन्यात तेवढा वेळच दिला नव्हता. पेशी बोलल्या होत्या, तिथंच, धुवायच्या पाण्यात. ऐकायला कुणी नव्हतं.

"रडू नंतर," डेस्मा म्हणाली. "दीड वाजलाय. ती बाटली आण. कात्री न लावता सोडवू."

कापणारं एन्झाइम नसलेलं द्रावण ओतलं. पेशी सुटेनात. लुपे बाटलीवर तळहातानं थापटत राहिली, निजल्या लेकराला उठवावं तशी, हळू, अगदी हळू. जोरात थापटलं तर फाटतील. नाही थापटलं तर चार वाजतील. वीस मिनिटांनी तळ गढूळ झाला. मग तासभर रंग भरायला. डेस्मा घड्याळाकडे बघत नव्हती, आणि त्याचीच लुपेला जास्त भीती वाटत होती.

गॅरिक बारा मिनिटं उशिरा आला. ट्रिप्सिनचा घोळ डेस्मानं त्याला दारातच सांगितला. "दाखव."

तिनं थेंब सोडला. एक. दोन. तीन सेकंद. काळोख.

मग कडेची एक पेशी हिरवी झाली. तिच्या शेजारची. मग सगळा पडदा, चांदणं सांडल्यासारखा, आणि हळूहळू विझला.

गॅरिक हनुवटी खाजवत राहिला. "अजून एक थेंब टाक."

लुपेनं पिपेट उचललं. थेंब पडला. पडदा काळाच राहिला, दुपारी होता तसाच काळा. तिनं डेस्माकडे पाहिलं. डेस्मा हसत होती.

"बरोबर," गॅरिक खुर्ची ओढत म्हणाला. "एकदाच बोलतात. आता सगळं सांग, सुरुवातीपासून. ट्रिप्सिनसकट."