ओपल ट्रेंथमचा कान

रविवारी दुपारी कोरिन बरबँकला वडिलांकडे गेली, तेव्हा ओर्विल हॅगस्ट्रॉम नेहमीसारखे टीव्हीला नाक लावून बसले होते. साठ वर्षांपूर्वीचा एक काळापांढरा सिनेमा त्यांनी मध्येच थांबवून ठेवला होता. पुढे नायक-नायिका भांडत होते, त्यांच्याशी ओर्विलना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी भिंग धरलं होतं ते मागे तबक घेऊन उभ्या असलेल्या मोलकरणीच्या कानावर.

"ये, बस. तीन वर्षं शोधतोय हिला," ते म्हणाले. "हे लोक चेहरे रंगवतात, नावं बदलतात, नाकंसुद्धा नवी करून घेतात. पण कान कुणी बदलत नाही."

"डॅडी, सूप गार होतंय."

"ही बाई साठ वर्षं ताटकळलीय. सूपाला दोन मिनिटं जड आहेत का?"

ओर्विलनी सगळी हयात फिल्म धुण्याच्या लॅबमध्ये काढली. पडद्यावर ज्यांचं नाव कधी आलं नाही अशा माणसांना ते तिथे रोज पाहत. दार उघडणारे नोकर, गर्दीतल्या बायका, पहिल्याच गोळीला आडवे होणारे शिपाई. त्यांची नावं हुडकून त्यांनी साडेसहा हजार कार्डं लिहिली आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवली. अकरा वर्षांपूर्वी लायल व्हिटकोम नावाच्या एका इतिहासकाराने विसरलेल्या नटनट्यांवर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात सगळी कार्डं होती, फक्त ओर्विल हॅगस्ट्रॉम हे नाव नव्हतं. घरात त्या पुस्तकाची एक प्रत होती, पण कोरिनने ती कधी उघडली नव्हती.

त्या दुपारी सूप झाल्यावर ओर्विलनी आपणहून ती तिच्यापुढे उघडली.

"ही ओपल ट्रेंथम. ओळख बघू."

फोटोत मोलकरणीची टोपी घातलेली एक तरुण बाई बाजूला बघत होती. कोरिनने भिंग घेतलं आणि ती ओरडलीच. "ही तर मम्मी!"

"चर्चच्या नाटकातली. अशी कुणी नटी नव्हतीच. कुणी माझं ढापलं तर कळावं म्हणून एक कार्ड खोटं घालून ठेवलं होतं. तुझी आई तर हसून हसून बेजार झाली होती. पुढे वाच."

पुढे लिहिलं होतं की, ओपल ट्रेंथमच्या अखेरच्या दिवसांत लेखक तिला बेकर्सफील्डच्या वृद्धाश्रमात भेटला आणि तिने त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, मला कुणी तरी लक्षात ठेवलं.

कोरिनची कानशिलं तापली. "अकरा वर्षं हे ठाऊक होतं तुम्हाला? चारचौघांत त्याची अब्रू काढायची होतीत!"

ओर्विलनी काट्याने डब्यातल्या पीचची फोड उचलली. "मग कपाट कुणी उघडलं, असं लोकांनी विचारलं असतं. मलाही विचारावं लागलं असतं. मला ते विचारायचं नव्हतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कोरिन उठली आणि स्वच्छ असलेली भांडीही पुन्हा विसळत राहिली.

"निघते, डॅडी."

"पुढच्या वेळी पीच आणशील ते अर्धे कापलेले आण. या फोडी नकोत."

सोमवारी सकाळी शेजारणीला ते खुर्चीतच गेलेले दिसले. भिंग मांडीवर होतं. टेप आपोआप थांबून टीव्हीचा पडदा निळा पडला होता.

कपाट कोरिननेच उघडलं होतं. मम्मी कॅन्सरने झिजत असताना ओर्विल तिच्या उशाशी बसून कार्डं लिहीत. मेलेल्या मोलकरणींची आणि शिपायांची. ते कोरिनने कधी माफ केलं नाही. मम्मी गेल्यावर वर्षभरात ओर्विल हर्नियाच्या ऑपरेशनला दाखल झाले आणि त्याच आठवड्यात व्हिटकोमचा फोन आला. आवाज गोड, बोलणं अदबीचं. फक्त पाहायचंय, म्हणाला. किल्ली कॅलेंडरच्या मागे असे. कोरिनने ती काढून त्याच्या हातावर ठेवली, वर म्हणाली, "घेऊन जा एकदाची ही भुतं." तो तिवईवर कॅमेरा लावून चार दिवस कार्डांचे फोटो काढत होता.

दफन झाल्यावर तिने ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. रोज थोडं थोडं, औषध घ्यावं तसं. मम्मीच्या फोटोची प्रोजेक्टरवर दाखवायला पारदर्शिका करून घेतली. भांडी घासताना, गाडी चालवताना ती एकच प्रसंग घोकत होती. व्हिटकोम तोंडावर आपटतो, सगळे उठून डॅडींचं नाव घेतात आणि ती खाली बसते. एवढंच हवं होतं तिला. या विचाराने तीन आठवडे तिला छान झोप लागली.

ओर्विलच्या आठवणीसाठी सिनेमावेड्यांच्या मंडळाने शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा ठेवली. तीस-पस्तीस म्हातारे-म्हाताऱ्या, सगळ्यांना कान बघायला ओर्विलनीच शिकवलेलं. प्रमुख पाहुणा व्हिटकोम.

"याला कुणी बोलावलं गं?" हेस्टर प्लंकेट कोरिनच्या कानाशी कुजबुजली. तिचं आयुष्य स्टुडिओच्या कपडेपटात गेलेलं. "मेलेल्यांच्या जिवावर चांगला गुटगुटीत झालाय."

"मीच बोलवायला सांगितलं," कोरिन म्हणाली.

व्हिटकोम छान बोलला. ओर्विल भला माणूस होता, हौशी होता, एकदोन नावांच्या बाबतीत आपल्याला त्याची थोडीफार मदतही झाली. 'थोडीफार' ऐकून कोरिन मनातल्या मनात हसली. तिने हात वर केला.

"मिस्टर व्हिटकोम, ती ओपल ट्रेंथमची गोष्ट सांगा ना. डॅडींना फार आवडायची."

त्याने सांगितली. सांगताना मध्येच त्याने रुमालाने डोळे टिपले. वृद्धाश्रमाच्या खिडकीत जिरेनियमची कुंडीसुद्धा होती म्हणे.

कोरिन प्रोजेक्टरपाशी गेली आणि तिने पारदर्शिका लावली. टोपी, तबक, आणि हाताएवढा मोठा दिसणारा एक कान. पाळी गालाला चिकटलेली, वरच्या कडेला लहानशी खाच. मग तिने पडद्याशेजारी उभं राहून आपले केस कानामागे सारले.

सगळ्या खुर्च्या एकदम पुढे करकरल्या.

"अगं बाई," हेस्टर मोठ्याने म्हणाली, "तोच की गं!"

"ही माझी आई, व्हर्ना हॅगस्ट्रॉम. तिने आयुष्यात सिनेमात काम केलं नाही आणि बेकर्सफील्ड पाहिलं नाही. हे कार्ड वडिलांनी चोरासाठी लिहून ठेवलं होतं."

"कुंडी कुणाची होती मग, लायल?" मागून कुणी तरी विचारलं आणि हॉल हसला. कोरिनने ते हसू चवीने ऐकून घेतलं. व्हिटकोमच्या मानेवर लाली चढत गेली, ती तिने कॉलरपासून कानापर्यंत पाहिली.

पण तो बसला नाही. दोन पावलं पुढे येऊन, फोनवरच्या त्याच गोड आवाजात म्हणाला, "कोरिन, ही कार्डं माझ्या हाती कशी आली, तेही सांगूया का सगळ्यांना? का राहू दे?"

तीन आठवडे घोकलेल्या प्रसंगात हे वाक्य नव्हतं. टेबलावर ओर्विलचा फोटो होता. हेस्टरने मुद्दाम बाजूने काढलेला निवडला होता, कान नीट दिसावा म्हणून. त्यामुळे आताही ते कोरिनकडे बघत नव्हते.

"ती चूप बसेल," असं व्हिटकोमच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कशाला राहू दे?" कोरिन म्हणाली. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि फोटोसमोर जाऊन उभी राहिली. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा लावला.

"डॅडी, कपाट मी उघडलं. तुम्ही हॉस्पिटलात होता, तेव्हा कॅलेंडरमागची किल्ली मी काढून दिली. मम्मी जात होती आणि तुम्ही कार्डं लिहीत होता, त्याचा सूड म्हणून दिली. चार दिवस हा तुमच्या खुर्चीत बसला होता, आणि मी याला कॉफी करून देत होते."