टेबलावरची घंटी आणि झाकण लावलेला कॅन

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. साहेबांच्या टेबलावर असते ना, डोक्यावर बटण असलेली, तळहात मारला की वाजणारी, ती. दचकू नका. माझ्यामुळे माणसं दचकतात, याचंच मला दुःख आहे.

१९९१ साली नगरच्या एका दुकानातून मला संगमनेरजवळच्या दूध शीतकरण केंद्रावर आणलं. मॅनेजर नवलेसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला सात वेळा वाजवून पाहिलं. मला वाटलं, किती हे माझं कौतुक!

साहेब वाईट नव्हते. कामावर कधी उशिरा आले नाहीत. पण माणसाला नावाने हाक मारणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी नियम केला, घंटी वाजली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून टेबलासमोर हजर व्हायचं. उशीर झाला की सगळ्यांदेखत बोलणी. दिवसातून चाळीस-चाळीस वेळा मी वाजायची. अंगातला थरकाप थांबायच्या आत पुढचा तळहात बसायचा.

खिडकीतून मला धुण्याचा ओटा दिसायचा. तिथे रंगुबाई आणि मालनबाई दुधाचे कॅन धुवायच्या. मी वाजले की दोघींचे खांदे आक्रसायचे.

"पुंजाराम, तुज्या या घंटीला एकदा सासरी धाड रं," मालनबाई शिपायाला म्हणायची. "नांदाया गेली तर गप तरी बसंल."

"हिला कोन करून घेतंय? लई कजाग हाय!"

सगळे हसायचे. मी मात्र शरमून जायची.

मग तो दिवस आला. रंगुबाई सोड्याच्या पाण्याने कॅन घासत होती. ते पाणी ओतायचं, साध्या पाण्याने दोनदा खंगाळायचं आणि मगच झाकण लावायचं, अशी तिथली रीत. झाकण लावलेला कॅन म्हणजे धुतलेला कॅन. इतक्यात मी वाजले. कॅन लवंडू नये म्हणून तिने वर झाकण दाबलं, तो बाजूला सारला आणि ओल्या हातांनी धावली. साहेबांना विचारायचं काय होतं? खिडकीत वाळत घातलेलं फडकं कुणाचं, एवढंच. त्यावरून अर्धा तास बोलणी. ती परतली तेव्हा कॅन दूध भरून आणायला टेम्पोत चढून एका गावाकडे गेला होता, आणि तिच्या भेदरलेल्या डोक्यातूनही गेला होता.

दुसऱ्या सकाळी त्या गावच्या दुधात सोडा निघाला. साहेबांनी गावावरच भेसळीचा आळ घेतला. गावकरी भांडायला आले. तेव्हा रंगुबाई आपण होऊन पुढे आली आणि म्हणाली, "त्यांचं काय न्हाई. कॅन माज्या हातचा हुता."

तिला काढून टाकण्याचा कागद टाइप झाला. अकरा वर्षांचं काम होतं तिचं. नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. साहेब ओरडले की ती एकच म्हणायची, "चुकलं सायब." माझं नाव तिने घेतलंच नाही. सही व्हायच्या आत नवलेसाहेबांची बदली झाली. कागद उडू नये म्हणून वर मलाच ठेवलं. दोन दिवस तो कागद माझ्याखाली फडफडत होता.

तिसऱ्या दिवशी दातीरसाहेब आले. त्यांनी मला उचललं, कागद वाचला, पुंजारामच्या कानात काही सांगितलं आणि पँट दुमडून ओट्यावर गेले.

"मावशी, त्या दिवशी काय झालं?"

"चुकलं सायब."

"ते कागदात लिहिलंय. तुम्ही कॅन कसा धुता, ते दाखवा."

रंगुबाई घासू लागली. तेवढ्यात सांगितल्याप्रमाणे पुंजाराम टेबलाशी आला आणि त्याने माझ्यावर तळहात मारला. वाजू नये असं मला फार वाटलं, पण वाजले. रंगुबाईने झाकण दाबलं, कॅन सारला आणि पळाली. तिच्यामागे मालनबाई. ओट्यावर एकटे साहेब उरले. त्यांनी झाकण उघडलं. आत तळाशी सोड्याचं पाणी तसंच होतं.

टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

रंगुबाई खाली बघत म्हणाली, "इचारलं कुनी सायब? निस्ती घंटीच वाजत हुती."

साहेबांनी कागद फाडला. सगळ्यांना म्हणाले, "हातातलं काम पुरं झाल्याशिवाय यायचं नाही. मला काम असेल तर मी येईन." दुपारी ते त्या गावाची माफी मागायला स्वतः गेले.

त्यानंतर तीन वर्षं मी कपाटावर धूळ खात होते. ओट्यावरचं हसणं ऐकायची. खरं सांगते, त्या धुळीत मला सुख होतं.

पण आता दातीरसाहेबांचीही बदली झाली आहे. सोमवारी नवे साहेब येणार. पुंजारामने काल मला पुसून पुन्हा टेबलावर ठेवलं. समोर ओट्यावर रंगुबाई कॅन खंगाळते आहे, आणि सकाळपासून तिने चार वेळा माझ्याकडे पाहिलं.

नवे साहेब, तुम्हाला मी अजून ओळखत नाही. एवढंच मागते, माझ्यावर तळहात ठेवण्याआधी एकदा खिडकीतून बघा. तिच्या हातात काय आहे, ते बघा.