मोरिवलीच्या उंबरावरचे दोरे

कमळाकर भोईरांना लोक येडं म्हणायचे, आणि त्यात लोकांची फारशी चूक नव्हती. बत्तीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर काढलेला माणूस रिटायर झाल्यावर पत्ते कुटतो, देवळात बसतो, निदान सुनेच्या स्वयंपाकाला नावं तरी ठेवतो. हा बाबा पानांवरचे फोड बघत हिंडायचा!

त्या फोडांना गॉल म्हणतात. एखादा किडा पानात अंडं घालतो आणि पान बिचारं फुगून त्या अंड्याभोवती खोली बांधतं. ना ओळख ना पाळख, वर खायलाप्यायलाही घालतं. कमळाकर हे रस्त्यात कुणालाही थांबवून सांगायचे. मनापासून ऐकणारं मात्र एकच होतं, त्यांची सून जिज्ञासा.

तीही काही हौसेने आली नव्हती. लग्नाला सात वर्षं झालेली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या खेपेनंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नवरा, अमित, समजावून समजावून थकला. तेव्हा एका रविवारी कमळाकर म्हणाले, "ऊठ गं पोरी, मला बारकं दिसत नाही. भिंग धरायला चल." ती गेली, आणि वर्षभरात सासऱ्यालाच दटावू लागली. "बाबा, आधी झाड ओळखा, मग फोड, किडा शेवटी. घाई करू नका."

मोरिवलीत एका कारखान्याच्या मागच्या भिंतीला उंबर आहे. तो दोघांचा ठिय्या. एकाच फोडावर आठवडेच्या आठवडे लक्ष ठेवायचं तर तेच पान पुन्हा सापडायला हवं, म्हणून देठाला दोरा बांधायचा आणि त्यात नंबराची चिठ्ठी अडकवायची. जिज्ञासा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर होती. जीन्सच्या शिलाईचा पक्का पिवळा दोरा ती तिथूनच आणायची.

दसऱ्यानंतरच्या रविवारी बघतात तर उंबराला अकरा लाल दोरे. चिठ्ठ्या नाहीत, फोड नाहीत, नुसत्या कोऱ्या पानांना बांधलेले.

"बाबा, आपली कॉपी करतंय कोणीतरी."

समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या पुतळाबाईंनी खुलासा केला. "आवं भाऊ, तुमी पोरासाठी नवस बांधलाव ना? दर आयतवारी सुनेला घेवून येतांव. मंग आमचे बायांनी पन बांधलं."

जिज्ञासाला हसू फुटलं. हसता हसता तिने भिंतीचा आधार घेतला, डोळ्यांतून पाणी आलं. किती दिवसांनी हसत होती पोर! कमळाकरांना इतकं बरं वाटलं, की पुतळाबाईंचा गैरसमज दूर करायचं त्यांनी सोडूनच दिलं. बांधू दे, कुणाचं काय जातंय?

पंधरवड्याने ते हसू आटलं. प्रत्येक लाल दोऱ्याच्या पानावर बरोबर एक फोड आला होता. एकच, आणि शेजारचं पान कोरंच्या कोरं. हा किडा वाऱ्याबरोबर येतो, जमेल तिथे बसतो. दोरा बघून कशाला बसेल? कमळाकरांच्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या महिन्यात पुतळाबाई नारळ घेऊन उंबराखाली उभ्या. "झार पावलं भाऊ! आमचे सोनियाला दिस गेलं. आनि आजून तिघीजनींना!" सोनिया त्यांची सून. आठ वर्षांत तिची कूस उजवली नव्हती.

फोड पिकल्यावर दोघांनी ते एकेक करून भिंगाखाली पाहिले. त्यात एक खूण असते. फोड आपसूक फाटून उघडला, तर आतून निघाला तो खरा मालक. पण टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक असलं, तर निघाला तो दुसराच. एक बारीक गांधीलमाशी फोडात हळूच आपलं अंडं सारते. तिचं पिल्लू मालकाला आतल्या आत खातं आणि त्याच्याच खोलीत वाढतं. आयत्या बिळावर नागोबा! पानाला काही कळत नाही, ते आपलं खायला घालतच राहतं.

पिवळ्या दोऱ्यांचे फोड बहुतेक फाटले होते. लाल दोऱ्यांच्या अकराही फोडांना गोल भोकं होती.

जिज्ञासाने ते वहीत लिहून घेतलं.

आषाढात सोनियाला मुलगा झाला. बारशाला दोघांनाही बोलावणं होतं. बाळ चांगलं गुटगुटीत, आणि सोनिया मात्र उसाच्या चिपाडासारखी. "एकदा पन नाय रडला," पुतळाबाई कौतुकाने सांगत होत्या. "जल्मला तवा पन नाय." बाया पाळण्याकडे वळल्यावर सोनिया कमळाकरांजवळ सरकली. "काका, सासूबाईंना बोलू नका. याला पाजताना वाटतं, मी दुसऱ्या कोणाचं तरी पाजतेय. माझं होतं ते कुठे गेलं, काका?"

कमळाकरांनी पाळण्याकडे पाहिलं. पाळण्यातून बाळ त्यांच्याकडे बघत होतं, पापणी न हलवता. जिज्ञासाने वाकून त्याला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर जिज्ञासा रविवारी घरीच थांबू लागली. "दमते हो बाबा, तुम्ही जाऊन या." मार्गशीर्षातल्या एका रविवारी कमळाकरांना उंबराच्या वरच्या फांदीला पिवळा दोरा दिसला. त्याला चिठ्ठी नव्हती. असा दोरा बांधणारी दुसरी होती कोण? फांदी वाकवून त्यांनी पान पाहिलं. एक फोड, आणि त्याला गोल भोक.

ते तिथेच मातीत बसले. दोरे आपण दाखवले, आणि पुतळाबाई बोलल्या तेव्हा तोंड आपण मिटून घेतलं! आता सुनेला सांगायचं तरी काय? पण सांगायला तर हवंच. त्यांनी रिक्षा पकडली.

दार जिज्ञासानेच उघडलं, हातात पेढ्यांचा बॉक्स. आत अमित फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, हसत होता.

"बाबा, चौथा महिना लागला. तिसरा पार पडेपर्यंत कुणाला बोललेच नाही." मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दार मागे ओढून घेतलं.

"पोरी, त्या पानाला…"

"गोल भोक आहे. मी पंधरा दिवसांपूर्वीच बघून आलेय."

"अगं, मग?"

"दोन वेळा माझं होतं, बाबा. माझं स्वतःचं. राहिलं का?" तिचा आवाज जराही कापला नाही. एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने तिने त्यांच्या तोंडाशी पेढा धरला. "हे राहिलंय. कोणाचं का असेना. तोंड उघडा."

कमळाकरांनी तोंड उघडलं.